बाईंच्या सहीची लिफ्ट

लिफ्ट तपासणाऱ्या खात्यातला एक निरीक्षक हात ओले करून घेताना पकडला गेला, तेव्हा मोठ्या साहेबांनी डोकं लढवलं. "त्या जागेवर बाईमाणूस बसवा. बायका खात नाहीत, आणि लोकांचाही बायकांवर विश्वास असतो." झालं. रेकॉर्डच्या खोलीत बारा वर्षं फायलींची धूळ खाणाऱ्या बाईंना बोलावलं, हातात टॉर्च दिला आणि त्यांच्या निरीक्षकबाई केल्या.

बाईंना मूठभर मांस चढलं. यंत्रांची पदविका त्यांनी पहिल्या वर्गात मिळवली होती, पण साहेबांना त्यांच्यात दिसली ती सचोटी. आपण खात नाही हे खरंच होतं. फक्त आजवर कुणी आपल्यापुढे पानच वाढलं नव्हतं, हे काही त्यांना तेव्हा सुचलं नाही. ते सुचायला पुढे बराच काळ लागला, आणि सुचलं तेव्हा त्या स्वतःलाच हसल्या.

कचेरीमागे चहाची टपरी होती. खात्याची खरी कामं तिथे व्हायची. बाई दिसल्या की ठेकेदार आणि निरीक्षक एकदम गप्प व्हायचे, कुणी उठून बाकावर जागा द्यायचा. बाईंना वाटे, काय मान आहे आपल्याला!

त्यांच्या वरच्या निरीक्षकाने पहिल्याच दिवशी त्यांना 'ताई' म्हटलं, म्हणून तो त्यांचा 'दादा' झाला. दादा फार काळजीचा माणूस. "ताई, त्या इमारतीची मशीनची खोली गच्चीच्याही वर आहे. गंजकी शिडी, त्यात उंदीर. तुम्ही कुठे चढता? मी बघून आलोय. तुम्ही फक्त सही करा." सख्ख्या भावाने आयुष्यात एवढी चौकशी केली नव्हती. बाई लगेच पेन काढायच्या आणि सही व्हायची. सहीही अशी ऐटबाज, की खाली दोन रेघा आणि रेघांखाली टिंब.

पुढच्या वर्षी बाईंची दाढ ठणकायला लागली. गाल टोमॅटोसारखा सुजला. दाताचे डॉक्टर होते एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. बाई लिफ्टमध्ये शिरल्या, मागोमाग एक म्हाताऱ्या बाई आल्या. निवृत्त परिचारिका, पाचव्या मजल्यावर लेकीकडे निघालेल्या. तिसरा मजला गेला, चौथा यायच्या आत लिफ्टने एक हिसका दिला आणि ती जागच्या जागी थांबली.

बाईंनी घंटेचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. घंटा मुकीच.

"घाबरू नका हो," म्हातारी म्हणाली. "लिफ्ट चांगली आहे. ते बघा, तपासणीचा दाखला लावलाय. मी आधी सही बघते. बाईची असली तरच चढते. पुरुषाची असती, तर गुडघे गेले तरी जिन्यानेच आले असते."

बाईंनी वर पाहिलं. काचेमागे दाखला होता. खाली दोन रेघा, रेघांखाली टिंब. या इमारतीत त्यांनी आज पहिल्यांदाच पाय ठेवला होता.

दाढ ठणकायची थांबली. भीतीने दाढही दुखायची विसरते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वीस मिनिटं गेली. म्हातारी स्वतःचीच नाडी धरून खाली बसली. बाईंना राहवेना. "ती सही माझी आहे," त्या सुजक्या तोंडाने म्हणाल्या. म्हातारीला आधी कळलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिने मान वर केली.

"किती घेतलेत?"

"काहीच नाही."

"फुकट?"

"फुकट."

म्हातारीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग तर तुम्ही अगदीच स्वस्तात गेलात हो," ती म्हणाली. त्यावर बाईंना रडू यायला हवं होतं. आलं हसू, आणि हसल्यावर दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलंच.

शेवटी हाका ऐकून लोकांनी दार उचकटलं. दोघी पोटावर सरपटत चौथ्या मजल्यावर आल्या. म्हातारीने कपडे झटकले आणि मागे न बघता जिना धरला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्याच विरुद्ध अर्ज लिहिला. चौदा लिफ्ट न बघता पास केल्या आहेत, तपासणी होईपर्यंत बंद ठेवाव्यात. दादा धावत आला. "ताई, हे काय आरंभलंय? घरातली गोष्ट चव्हाट्यावर?"

"निरीक्षक म्हणा," बाई म्हणाल्या.

चौकशीत मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही पैसे घेतले नाहीत, धमकी नव्हती, मग सही केलीत का?"

"मला ताई म्हटलं होतं, साहेब."

लेखनिकाची लेखणी थांबली. "हे कसं लिहू?"

"निष्काळजीपणा लिहा," साहेब म्हणाले.

बाईंची पगारवाढ थांबली. दादाची नुसती बदली झाली, कागदावर त्याची एकही सही नव्हती ना! त्याला हारतुरे घालून निरोप दिला. बाईंनी एकच गोष्ट मागून घेतली: त्या चौदाही लिफ्ट आपणच तपासणार. दुसऱ्या कुणाला शिड्या चढायची हौस नव्हती, त्यामुळे ते लगेच मंजूर झालं.

पहिल्या शिडीवर त्या मध्येच थिजल्या. वर जाता येईना, खाली उतरता येईना. खालून पहारेकरी, "डावा पाय, बाई, डावा," असं ओरडत होता. वर पोचल्या तर लिफ्टच्या दोराच्या तारा सुटलेल्या आणि उंदीर खरोखरच होते. दादा तेवढं खरं बोलला होता.

पाचव्या इमारतीत ठेकेदाराने पाकीट पुढे केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! खरं सांगायचं तर बाईंना क्षणभर बरं वाटलं. आपल्यालाही कुणीतरी मोजायला लागलं. मग आपल्या या सुखाची त्यांना इतकी लाज वाटली की, "नको" म्हणण्याऐवजी त्या, "थँक यू" म्हणाल्या आणि पाकीट तिथेच सोडून शिडीला लागल्या.

चौदांपैकी नऊ लिफ्ट बंद कराव्या लागल्या. सहा दुरुस्त होऊन सुरू झाल्या. उरलेल्या तीन इमारतींतले लोक रोज जिने चढतात, आणि प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबले की बाईंचा उद्धार करतात. परवा फेरतपासणीला जाताना त्यातल्याच एका जिन्यावर बाईंनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला. त्याही तेव्हा कठड्याला धरून धापा टाकत होत्या. त्यांनी नाव-हुद्दा काही सांगितला नाही, नुसती मान डोलावली आणि उरलेले दोन मजले चढायला लागल्या.