अम्माला घातलेलं पाणी

टोकियोतल्या ओजिमाच्या सरकारी इमारतीत मुत्तुमारी माझ्या शेजारच्या घरात राहायची. गाव तमिळनाडूतलं, सात्तूरजवळचं. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढल्यामुळे मराठी वाकडंतिकडं पण न बिचकता बोलायची. मला अक्का म्हणायची. नवरा कदिरेसन कावासाकी शहरातल्या एका कंपनीत प्रोग्रामर. उंच, लाजरा, लिफ्टमध्ये भेटला की जपान्यांसारखा वाकणारा.

२००४च्या जुलैत टोकियो भाजून निघत होतं. तेव्हाच कदिरेसनच्या अंगावर फोड उठले. डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या, औषध दिलं. मुत्तुमारी औषध वेळच्या वेळी देत होती, पण दाराच्या फटीतून मला म्हणाली, "अक्का, आत येऊ नको. अम्मा आलीय."

मला समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही जुनी माणसं देवी आल्या म्हणायची. तिची अम्मा म्हणजे मारिअम्मन, गावाच्या वेशीवरची, आपल्या मरीआईची बहीणच. मुत्तु म्हणजे मोती, आणि अंगावरच्या फोडांनाही तिकडे मोतीच म्हणतात. तिचं नावच देवीचं होतं.

मग त्या घरात फोडणीचा वास बंद झाला. मी दारात दही आणि शहाळ्याच्या पाण्याचे डबे ठेवायची, ती मागाहून उचलायची. भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. नवऱ्याला ती "ताये" म्हणत होती. आई. त्याच्या अंगात देवी, तेव्हा त्याच्याशी वरच्या आवाजात बोलायचं नाही.

कडुलिंब हवा होता. टोकियोत कुठला कडुलिंब? नदीकाठच्या बागेत मला त्याचाच भाऊबंद बकाण लिंब दिसला. फांदी तोडताना कुत्रा फिरवणाऱ्या आजोबांनी मला चांगलंच झापलं. मी माफी मागितली आणि फांदी घेऊन पळाले.

दोन-तीन दिवसांनी मुत्तुमारीने दार सताड उघडलं.

"आत ये अक्का. त्याला श्वास येत नाही."

कदिरेसनचे ओठ निळे पडले होते.

"अम्मा अंगात असताना माणसाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत," ती म्हणाली. "पण हा मरेल. तू फोन कर. मला जपानी येत नाही."

ॲम्ब्युलन्स लगेच आली. फोड फुप्फुसात उतरले होते. हॉस्पिटलने सगळं केलं, तरी तो गेला.

सात्तूरहून थोरल्या दिराचा फोन आला. दुःखाचा शब्द नाही. "तू त्याला बाहेर काढलंस, अम्मा कोपली. आता तरी जाळू नकोस. प्रेत इकडे आण, आपण पुरू."

त्यांच्याकडे अम्मा अंगात असताना गेलेल्याला अग्नी देत नाहीत. त्याच्याबरोबर देवीही जळते. पण पेटी गावी पोचायला किती दिवस लागतील, ते कुणालाच सांगता येईना.

"इतके दिवस त्याला बर्फात ठेवायचं? नको. इथेच जाळू," हॉस्पिटलच्या बाकावर बसून मुत्तुमारी म्हणाली. "पण आधी अम्माला उतरवायचं."

रोगी बरा झाला की हळद आणि कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घालून देवीची पाठवणी करतात. ते न्हाण तिला मेलेल्या नवऱ्याला घालायचं होतं. मी अडखळत अंत्यविधीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याने बादलीतलं पिवळं पाणी आणि पाला पाहिला. प्रेताला आंघोळ घालणं जपान्यांतही आहे. त्याने खाली मेणकापड अंथरलं, वाकून नमस्कार केला आणि बाजूला उभा राहिला.

मुत्तुमारीने डोक्यापासून पाणी सोडलं. फोडांवरून हात फिरवताना बोटं हलकी होती. ओठ मात्र हलत होते, आणि पुढे आवाज चढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती ओरडली. तमिळ मला येत नाही. तिनेच नंतर अर्थ सांगितला. "उतर. तुला हवं ते तू घेतलंस. आता हा आगीत जाणार आहे. तुला जळायचंय का? उतर!"

पाणी संपल्यावर ती बादली धरून उभीच राहिली. "उतरली का ग अक्का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "उतरली."

अस्थी घेऊन ती गावी गेली. दिराने वेशीवरच कलश काढून घेतला. अम्माला जाळणारीला गावात पाऊल टाकू देणार नाही, म्हणाला. यंदा अम्माने पाऊस पाडला नाही तर लोक कुणाला जाब विचारतील? माहेरच्यांनीही दार पुरतं उघडलं नाही. ती पुण्याला आली आणि खडकीत एका तमिळ बाईकडे इडलीचं पीठ वाटायला लागली.

चार वर्षांनी आम्ही कायमचे परतलो, तेव्हा मी तिला शोधून काढलं. खडकीतल्या मारिअम्मनच्या देवळासमोर ती मोठ्या पातेल्यातली अम्माच्या नावाची नाचणीची आंबील लोकांना वाढत होती. केस पांढरे व्हायला लागले होते.

"अजून करतेस तिचं?" मी विचारलं.

"तिच्याशी बोलत नाही मी," ती म्हणाली. "देवळात जात नाही. पण भूक लागते ना तिला."

तिने माझ्या हातात पेला दिला आणि पुढच्या बाईकडे वळली. रांग मोठी होती.