मेल्चोराच्या कुया आणि निकासियोचे ससे

मेल्चोराचे दात गेले आणि त्याच वर्षी तिला कुयांची दया यायला लागली, असं तिची धाकटी बहीण बोनिफासिया गावभर सांगत फिरायची. "दात होते तोवर आमची ताई सणाला अख्खी कुई एकटी संपवायची. हाडं चोखून चोखून पांढरी करायची. आणि आता म्हणते, बिचाऱ्या कशा बघतात गं माझ्याकडे!"

मेल्चोरा काही चिडायची नाही. म्हणायची, "बघतातच मुळी. तुझ्याकडे कुणी बघत नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतं."

पण खरं कारण काही दात नव्हते बरं का. मुली लग्न होऊन खाली कुस्कोला गेल्या, नवरा देवाघरी गेला, घरात बोलायला कुणी म्हणता कुणी उरलं नाही. उरल्या त्या चुलीभोवतीच्या कुया. तशा आमच्या या डोंगरातल्या आयापाता गावात कुणाच्या स्वयंपाकघरात कुया नाहीत? सगळ्यांकडेच आहेत. मांजराच्या पिलाएवढं ते जनावर, ना शेपूट ना काही; शहरातले लोक त्याला गिनीपिग म्हणतात. जमिनीवर हिंडायचं, बटाट्याच्या साली खायच्या, चुलीच्या उबेला पडायचं, आणि सण आला की कढईत जायचं. मेल्चोराच्या कुया मात्र कढईत जायच्या थांबल्या, कारण तिनं त्यांना नावं दिली. एकदा जनावराला नाव दिलं की मग ते घशाखाली उतरायचं कसं? एकीच्या डोक्यावर केसांचा भोवरा होता, ती पेलुका, म्हणजे केसांचा टोप. एक काळीकुट्ट होती, तिला विधवा म्हणायची. "माझ्यासारखीच," म्हणायची आणि हसायची.

लसूणघासाचा भारा दारात टेकवला, नुसती सळसळ झाली, की त्या सगळ्या एकदम कुई-कुई करून घर डोक्यावर घ्यायच्या. मेल्चोरा उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "आले गं बायांनो, आले! जीव खाऊ नका." दिवसभरात तिला कुणी हाक मारली असेल तर ती एवढीच.

निकासियो भेटला तोही या लसूणघासापायीच. कोरड्या दिवसांत घास मिळायची मारामार. रविवारच्या बाजारात शेवटची पेंढी राहिली होती, तिचं एक टोक मेल्चोरानं धरलं आणि दुसरं त्यानं.

"सोडा तायता," ती म्हणाली; आमच्यात बाप्यांना तायता आणि बायांना मामिता म्हणतात. "माझ्या घरी वाट बघतायत."

"माझ्याही घरी वाट बघतायत, मामिता. उपाशी आहेत."

"कोण?"

"ससे. आणि तुमच्याकडे?"

"कुया."

"विकायला पाळल्यात?"

"नाही."

"खायला?"

मेल्चोरानं पेंढी आणखी घट्ट धरली. तो जरा पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "मी पण नाही खात. कुणाला सांगू नका, वरच्या वाडीत माझं नाव आहे."

पेंढी त्यांनी अर्धी-अर्धी केली. पुढच्या रविवारी त्यानं तिची वाट बघितली. त्याच्या पुढच्या रविवारी तिनं धुतलेला परकर नेसला, आणि बोनिफासियाला जे समजायचं ते समजलं.

मागणी घालायला तो जूनमधल्या सान हुआनच्या सणानंतर आला. रीतीनं आला. बरोबर चुलता, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा घडा, गोल पाव, कोकाची पानं, आणि पाठीवर एक पोतं. सगळं सामान स्वयंपाकघरात उतरवलं, माणसं अंगणात बसली. बोनिफासियानं पोतं उघडून बघितलं, आत गुबगुबीत ससे. तिला वाटलं, वा, माणूस हात सैल सोडणारा दिसतोय! मागणीला आलेलं जनावर त्याच दिवशी शिजवायचं असतं, नाहीतर पाहुण्याचा अपमान. तिनं सुरी दगडावर घासायला घेतली.

निकासियो सुरीचा आवाज ऐकून आत आला आणि ओरडलाच, "अहो, ते आहेर नाहीत! ते माझ्या घरचे आहेत!"

"घरचे म्हणजे?"

"म्हणजे ते माझ्याबरोबर राहायला आलेत."

बोनिफासियानं सुरी खाली ठेवली. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "ताई, देवानं तुझ्या जोडीला अगदी शोधून माणूस पाठवला गं. दोघांचं डोकं एकाच कुंभारानं घडवलेलं."

आमच्यात लग्नाआधी एकत्र राहून बघायची रीत आहे. जमलं तर धर्माच्या आईबापांना पुढे घालून चर्चमध्ये जायचं. नाही जमलं तर ज्याचं त्यानं उचलायचं आणि चालू लागायचं. पोरापोरींसाठी असते ती रीत. या दोघांनी तेच करायचं म्हटल्यावर गावाला हसायला निमित्तच झालं. "या वयात काय करून बघणार हो?" असं बाया नळावर विचारायच्या. मेल्चोरा म्हणायची, "घोरतो किती ते."

ठरलं असं, की सप्टेंबरात मारियामातेचा सण, त्या दिवशी धर्माचे आईबाप म्हणून तायता रुफिनो आणि त्याची बायको घरी येऊन विचारणार, जमलं का? मग हो तर हो, नाही तर नाही. आणि मेल्चोराला 'हो'च म्हणायचं होतं, आधीपासूनच. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण सूप वाढायला दुसरा वाडगा घेताना तिला इतकं बरं वाटायचं, की कधीकधी ती तो उगीचच पुन्हा विसळायची.

सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीचं होतं. बाहेर दव गोठून पांढरं पडायचं, म्हणून ससेही स्वयंपाकघरातच. स्वयंपाकघर एक, चूल एक, मग घासही एकाच ठिकाणी टाकायचा, आणखी काय? कुणाच्या मनातही आलं नाही की यात काही चुकतंय. आमच्याकडे कोंबडी, कुत्रं, कुई, सगळं एकाच जमिनीवर नांदतं.

पण सशांमधला जो मोठा नर होता, सार्जंट नावाचा, तो नावासारखाच. घास पडला की त्याच्यावरच बसायचा. कुई जवळ आली की मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटायचा, आणि तरी आलीच तर लाथ. शिवाय त्यानं चुलीखाली बीळ उकरायला घेतलं. कुया हळूहळू पलंगाच्या ओट्याखाली कोपऱ्यात शिरल्या आणि बाहेर येईनात. मेल्चोरा भारा घेऊन दारात यायची, सळसळ व्हायची, आणि आतून काही म्हणता काही आवाज नाही. ती थांबून राहायची. पुन्हा मुद्दाम भारा हलवायची. नाहीच.

एक दिवस पेलुकाला तिनं हातानं बाहेर ओढून काढली, तर डोळा सुजून बंद झालेला, आणि अंगाची नुसती हाडं.

"निकासियो! इकडे ये. बघ तुझ्या सार्जंटनं काय केलंय."

त्यानं पेलुकाला तळव्यावर घेतलं, फुंकर घातली. "लागलंय खरं."

"लागलंय? अरे मारून टाकेल तो एखादीला!"

"मुद्दाम नाही करत गं तो. सशाची जात आहे, त्याला आपली जागा लागते."

"आणि माझ्या कुयांना नको जागा? त्या आधीपासून आहेत इथं!"

"हो, तू पण आधीपासून आहेस, चूल पण तुझी, घर पण तुझं. आम्हीच मागून आलो, मी आणि माझे ससे."

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला लागतं, म्हातारे?" असं म्हणून त्यानं टोपी घातली आणि बाहेर गेला. मेल्चोरा ओट्यावर बसून पेलुकाला कोमट पाण्यानं पुसत राहिली. जाईल आता हा, असं तिच्या मनात आलं, आणि जा म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये असंही.

निकासियो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माती भिजवली, गवताची काडी कापून घातली, पायानं तुडवली, आणि साच्यातून विटा पाडायला लागला. विटा उन्हात वाळल्या. मग एका दुपारी मेल्चोरा शेतातून आली, तर स्वयंपाकघराच्या मधोमध, या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत, विटांचा एक थर रचलेला.

आता आयापातात स्वयंपाकघरात भिंत म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही माहीत असतं. भाऊ-भाऊ वेगळे झाले, घर वाटून घेतलं, की स्वयंपाकघरात भिंत उभी राहते आणि एका चुलीच्या दोन होतात. दुसऱ्या कशासाठी कुणी तिथं भिंत घालत नाही.

मेल्चोरानं बघितलं. सूप केलं, वाढलं, तोंड फिरवून बसली. भिंत रोज एक-एक थर चढायची.

बोनिफासिया डोकावून गेली आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. एक कोमाद्रे, म्हणजे धर्माच्या नात्यातली बाई, अंडी घेऊन आली, कुणी गेल्यावर आणतात तशी. "रडू नको मामिता, एकटं राहणं काही वाईट नसतं."

"मला माहीत आहे कसं असतं ते," मेल्चोरा म्हणाली. "अंडी ठेव आणि जा."

तिनं त्याचा सदरा धुतला. पोंचो, त्याची अंगावर घ्यायची लोकरी घोंगडी, झटकून, घडी घालून दारापाशी ठेवला. त्याला जायचं असेल तर स्वच्छ कपड्यात जाऊ दे, लोकांनी म्हणायला नको की मेल्चोरानं माणूस मळका परत पाठवला.

भिंत कमरेपर्यंत आली आणि निकासियो थांबला. हात धुतले. मग खाली वाकून भिंतीच्या तळाशी खुपसलेले गवताचे बोळे एकेक करून ओढून काढायला लागला. मेल्चोरा चुलीत लाकूड सारत होती, ती वळून बघायला लागली. बोळा निघाला की तिथं एक लहानसं, गोल, नीट लिंपलेलं भोक.

"हे काय, म्हाताऱ्या?"

"दार."

"एवढंसं?"

"माझ्यासाठी नाही ते. सार्जंटच्या डोक्याचं माप घेतलं, आणि त्याहून लहान ठेवलं. तुझ्या बाया येतील-जातील, त्याला काही जमायचं नाही. उडी मारतो म्हणून भिंत कमरेएवढी. आपल्याला जायला कडेला फट ठेवलीय, तिला सरकती फळी लावतो. त्याला तिकडे उकरायला माती टाकून दिलीय, चुलीचा नाद सोडेल."

मेल्चोरा लाकूड हातात घेऊन खालीच बसली. "अरे, या गावात स्वयंपाकघरात भिंत घातली की लोक काय समजतात, ठाऊक नाही तुला?"

"आहे की. पण लोकांच्या घरात कुठं सार्जंट आहे?"

"मग मला सांगायचं तरी! अंडी आली इथं, अंडी!"

"तू रोज तोंड फिरवून बसायचीस. तुझ्या पाठीला काय सांगू?" मग त्याची नजर दारापाशी गेली. "आणि तो माझा पोंचो तिथं कशाला?"

"ऊन दाखवायला काढला होता," मेल्चोरा म्हणाली, आणि उठून तो खुंटीला अडकवून आली.

मारियामातेच्या सणाला तायता रुफिनो बायकोला घेऊन आला. गावातलं बोलणं त्याच्या कानावर गेलेलं. आत पाऊल टाकलं, समोर भिंत दिसली, आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"टोपी घाला तायता, कुणी मेलेलं नाही," मेल्चोरा म्हणाली.

"नाही, म्हणजे... विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. जमलं का?"

निकासियो सशांच्या बाजूला घास टाकायला गेला. त्याला वाटत होतं की अजून 'नाही' येऊ शकतं. घास सळसळला. भोकातून पेलुका निघाली, सार्जंटच्या नाकासमोरून एक लांब काडी ओढली आणि जशी आली तशी परत. सार्जंट मागे धावला, भोकात नाक घातलं, तिथंच अडला, आणि पाय आपटत राहिला. पलीकडून सगळ्या कुयांनी मिळून असा कल्ला केला, की रुफिनोची बायको शालीत तोंड लपवून हसायला लागली.

"जमलं," मेल्चोरा म्हणाली. "आणि भिंत राहणार."

"कुणाच्या मध्ये, मामिता?"

"सशांच्या आणि कुयांच्या. आमच्यात भिंत घालायची तर त्याला आणखी उंच बांधावी लागेल, मी बोलते फार."

निकासियोनं घासाचा भारा खाली ठेवला आणि बाहीनं तोंड पुसलं. "धूर झालाय," म्हणाला. चूल तेव्हा पेटलेलीही नव्हती.

लग्नाच्या जेवणाला ना कुई ना ससा, म्हणून गावात गहजब झाला. शेवटी बोनिफासियानं तिच्या घरी, लांब, वास येणार नाही इतक्या लांब, कढई चढवली आणि लोकांचं तोंड बंद केलं. इकडे नवरा-नवरीनं बटाटे आणि चीज खाल्लं. भिंतीवर त्यानं वरून गुळगुळीत लिंपण केलं होतं, तर तिनं त्यावर सुपाचे दोन वाडगे ठेवले. एका बाजूला तो उभा, एका बाजूला ती, पायाशी नुसती कुई-कुई.

"सूप गार होतंय, म्हाताऱ्या. इकडं ये की."

"मग माझ्या सशांजवळ कोण थांबेल?"

"बरं, मीच येते," असं म्हणून तिनं आपला वाडगा उचलला आणि कडेची फळी सरकवून त्याच्या बाजूला गेली.