मंगळवारी न गळणारे आंबे

माझी बायको अरुणा आंब्यांची शास्त्रज्ञ. एकदा शिकलेली गोष्ट वाया गेलेली तिला खपत नाही. दोन हजार तीन साली हजरतगंजातल्या एका क्लासात ती हौसेने जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकली, आणि तेव्हापासून ती जावा कुठे वापरता येईल याची वाट बघत होती. मी बँकेतला माणूस. नागपूरहून बदली होऊन लखनौला आलो आणि इथेच मुरलो.

दोन हजार सतरा उजाडलं. अरुणाच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. तिने तयार केलेल्या जातीच्या कैऱ्या कमी गळतात, असा तिचा दावा. ती जात शेतकऱ्यांना द्यायची की नाही, हे तिच्या संस्थेची समिती ठरवणार होती. लखनौबाहेर, बख्शी का तालाबकडे संस्थेची बाग आहे. तिथले माळी वर्षानुवर्षं रोज झाडांखाली पडलेल्या कैऱ्या मोजत. ते सगळे आकडे उघडताना घरचा कॉम्प्युटर धापा टाकायचा.

बंगळुरूहून लेकीने, मैत्रेयीने तिच्या नेहमीच्या लखनवी हिंदीत फोनवर उपाय सांगितला. "आई, जावा की एक ओपन सोर्स लायब्ररी है. मतलब कोड किसी ने लिख रखा है, तुम बस बुलाओ. पूरा टेबल पढ़ लेगी. मुफ़्त है."

"फुकट? मग त्यात काहीतरी गोम असणार," मी म्हणालो.

"गोम तुमच्या डोक्यात आहे," अरुणा म्हणाली आणि कामाला लागली.

अख्खा रविवार स्क्रीनवर लाल अक्षरं. प्रोजेक्टच्या फायलीत लायब्ररीचं नाव लिहायचंच राहिलं होतं! ते लिहिलं आणि टेबल उमटलं. गॅसवर वरण तसंच टाकून तिने मला ओढत नेलं. "बघा, पहिल्या पाच ओळी!" पाच ओळींपायी वरण करपलं, पण तिचा चेहरा बघून मी करपलेलं वरण गोड मानून घेतलं.

पुढे सरासरी निघाली. तिच्या जातीची गळती इतरांपेक्षा कितीतरी कमी. घरात शिरा झाला. मग नवं खेळणं हाती आलं म्हणून तिने आकडे वारानुसार लावून पाहिले आणि लगेच पुन्हा एकदा लावून पाहिले. जेठातल्या, म्हणजे इकडच्या ज्येष्ठ महिन्यातल्या, मंगळवारी तिच्या झाडांखाली शून्य कैऱ्या. दरवर्षी. बाकीच्या झाडांखाली मात्र नेहमीइतक्याच.

"मंगळवार पाळणारा आंबा मी काही केलेला नाही," ती म्हणाली, आणि तिने थेट बागेतल्या राजाराम माळ्याला फोन लावला.

"मैडम, वो तो बड़ा मंगल रहता है ना," राजाराम म्हणाला. "गेट पर हनुमानजी का भंडारा लगता है. आपके पेड़ पास पड़ते हैं, तो अमिया सवेरे ही उठा लेते हैं, पन्ना बनता है. गिनने जाओ तो नीचे कुछ नहीं. तो ज़ीरो लिख दिया. झूठ थोड़े लिखेंगे!"

लखनौत जेठातला प्रत्येक मंगळवार हनुमानाचा, म्हणून तो बडा मंगल. त्या भंडाऱ्याचं पन्हं आम्ही दोघं दरवर्षी पीत आलो होतो. तिचा डेटा आम्हीच गट्टम केला होता.

"समितीला काय कळतंय? राहू दे," मी म्हणालो.

"बँकेत असंच करता का?" तिने विचारलं, आणि कोडच्या एका ओळीत जेठाचे सगळे मंगळवार सगळ्याच झाडांसाठी गाळून टाकले. इतक्या वर्षांची मेहनत एका बटणावर आली होती.

फरक निम्म्याहून कमी झाला. पण उरला. अरुणा खुर्चीत मागे रेलली आणि चक्क रडली. मग डोळे पुसून तिने भंडाऱ्याची हकिकत अहवालात जशीच्या तशी लिहिली. समिती पोट धरून हसली म्हणे, आणि तिची जात मंजूर झाली.

त्या जेठात आम्ही पुन्हा भंडाऱ्याला गेलो. राजारामने मोठ्या मानाने ग्लास पुढे केला. अरुणाने तो हातात घेतला, पण ओठांना लावला नाही.

"भैया, गिन लिया था?"

"गिन के उबाला है, मैडम."

मग ती दोन ग्लास प्यायली.