ग्राऊस मारण्याचे नियम

ऑस्ट्रेलियात ग्राऊस नावाचा पक्षीच नाही, हे मला बंदुकांच्या दुकानात जाऊन कळलं. तोपर्यंत त्याला मारण्याचे सगळे नियम माझे पाठ झाले होते!

इथल्या वेरिबी नावाच्या उपनगरात आम्ही तिघं राहतो. मी, बायको ग्लोरिया आणि युनिव्हर्सिटीत जाणारी मुलगी अलीशा. शेजारी केविन. तो एकदा कुंपणावरून ओरडला, "मेट, सॅटर्डे आर्व्होला लेकवर फॅमिली शूट! यू लॉट आर फॅमिली. इट्ल बी ग्राऊस!"

आर्व्हो म्हणजे दुपार, एवढं मला कळलं. मी "नो वरीज" म्हणालो आणि घरात येऊन फोनवर ग्राऊस शोधला. थंड देशातला कोंबडीएवढा पक्षी निघाला. शूट, लेक, पक्षी! केविन आम्हाला शिकारीला नेत होता. (वसईला घरी कोंबडी कापायची वेळ आली की मी शेजारच्या गल्लीत जाऊन उभा राहायचो. पण हे केविनला कशाला सांगा?)

मी अभ्यासाला लागलो. जेवताना घरच्यांना शिकवायलाही लागलो.

"बारा बोअरची नळी वीस बोअरपेक्षा मोठी. सहा नंबरचा छर्रा चार नंबरपेक्षा बारीक."

"म्हणजे नंबर वाढला की माल कमी?" ग्लोरिया म्हणाली.

"बरोबर! आणि पाणथळ जागी शिशाचे छर्रे चालत नाहीत. स्टीलचे लागतात."

"माझ्या स्टीलच्या भांड्यांना हात लावायचा नाही हं!"

"डॅडी, आय डोन्ट थिंक..." अलीशाने तोंड उघडलं.

"मध्ये बोलू नकोस. सेफ्टीचा विषय आहे!"

"अरे, पण केविनच्या बायकोचा मेसेज आलाय, सगळ्यांनी पांढरे कपडे घाला म्हणून," ग्लोरिया म्हणाली.

"पांढरे? शिकारीला? अडाणी लोक!" मी स्वतःसाठी भडक नारंगी जाकीट घेतलं आणि शनिवारी ते घालूनच काडतुसं घ्यायला दुकानात गेलो.

"लायसन्स?" दुकानदाराने विचारलं. मी ड्रायव्हिंग लायसन्स काढून दिलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं. "मेट, बंदुकीचं लायसन्स नसेल तर काडतूस मिळणार नाही. मारायचं काय आहे?"

"ग्राऊस."

"इथे?"

"वेरिबीत."

बिचारा हसून हसून काउंटरवर आडवा झाला. मग डोळे पुसत म्हणाला, "इथे ग्राऊस नसतात, मेट!"

मी घराकडे पळालो. म्हणजे केविन भलतंच काहीतरी मारणार होता! तेही जिथे लोक कुत्री फिरवतात त्या लेकवर! तो तुरुंगात जाणार आणि जाताना आमची पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, घेऊन जाणार!

ग्लोरिया आणि अलीशा पांढरे कपडे घालून आधीच निघून गेल्या होत्या. मी धापा टाकत लेकवर पोचलो. केविनने सगळ्यांना ओळीत उभं केलं होतं आणि समोर एक बाई काहीतरी काळं डोळ्याला लावून नेम धरत होती!

"रेडी टू शूट?" ती ओरडली.

"डोन्ट शूट!" मी हात पसरून मध्ये उडी मारली. "नो लायसन्स! नो लेड! केविन, थिंक ऑफ युअर मदर!"

व्हीलचेअरमधल्या केविनच्या आईने घाबरून दोन्ही हात वर केले. (खरंच केले!)

क्लिक.

"डॅडी," अलीशा दातओठ खात म्हणाली, "इट्स अ फोटो शूट. अँड ग्राऊस म्हणजे इथे मस्त, भारी! मी तेच सांगत होते!"

केविन गवतात बसून पोट धरून हसत होता. नंतर पुष्कळ चांगले फोटो निघाले, पण त्याच्या आईला आवडला तो पहिलाच. त्याची एक फ्रेम आम्हालाही मिळाली. ग्लोरियाने ती हॉलमध्ये लावली आहे. सगळे पांढऱ्यात आणि मध्ये नारंगी, हवेत लटकलेला मी.

पाहुणे विचारतात, "हे काय गं?"

ती म्हणते, "शिकारीला गेलो होतो. हा एवढाच प्राणी मिळाला."