घंगाळातलं पाणी

गुड फ्रायडेला आमच्या वसईकडच्या गावात येशूच्या खटल्याचं नाटक होतं. त्यात रोमी सुभेदार पिलात "याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही" म्हणत ज्या घंगाळात हात धुतो, ते एवढं मोठं की अख्खी रोमी पलटण पोहून निघेल. यंदा मात्र त्याच्या तळाशी जेमतेम चार तांबे पाणी होतं, तेही टँकरचं.

कारण गेल्या वर्षी आम्ही गावचं तळं बुजवलं. विरोध केला तो एकट्या इनास गवंड्याने. ग्रामसभेत आम्ही "बाहेर काढा त्याला!" असे काही ओरडलो, की माडांवरचे नारळ खाली पडले. सरपंच दुमिंगदादा म्हणाले, "माझं काही नाही बाबा, लोकांचीच इच्छा!"

यंदा दुमिंगदादाच पिलात. येशू इनास, कारण तो भला थोरला क्रूस दुसऱ्या कुणाला उचलत नाही. गर्दी आम्हीच. तालमीत मास्तर म्हणाले, "गर्दीला काही शिकवायला नको." प्रत्यक्ष नाटकात मी "खिळा त्याला!" असा गरजलो की शेजारची मावशी म्हणाली, "हळू रे, खरंच खिळतील!" दुमिंगदादांनी हात धुतले. एक शब्द चुकले नाहीत.

मग क्रुसावरून इनास तहान लागल्याचं बोलला. ते नाटकातलंच बोलणं, दरवर्षीचं. पण नंतर मान माझ्याकडे वळवून तो हळूच म्हणाला, "अरे, खरंच लागलीय."

मी धावलो. उन्हाने तापलेल्या त्या पटांगणात पाणी एकाच ठिकाणी होतं. घंगाळात, हात धुतलेलं.