रिम आणि थाळी

त्या दिवशी सकाळी रिम वाजलीच नाही. मी स्वयंपाकघरात, एका हातात स्टीलची थाळी आणि दुसऱ्या हातात डाव घेऊन उभा. वाढायला निघालो आणि पंगतच उठून गेली, असा काहीसा अवतार. सुनीता, माझी बायको, हळूच म्हणाली, "जाऊन बघ ना." बागेच्या टोकाला एस्तेरआत्याची खोली, मध्ये नुसतं लॉन आणि फीजोआचं झाड. पण माझे पाय उचलेनात. शेवटी सुनीता पुढे आणि मी थाळी छातीशी धरून तिच्या मागे... आत्या खुर्चीतच गेली होती. शेजारी इस्त्रीचे कपडे घडी करून ठेवलेले.

एस्तेरआत्या वडिलांची धाकटी बहीण. नगरला नर्स झाली, मिशनरी म्हणून आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात गेली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिली. आमच्या घराण्यातला सगळा धीटपणा एस्तेरनं नेला, उरलासुरला गाळ तुझ्या वाट्याला आला, असं वडील मला म्हणत. खोटं नव्हतं. मी इथे न्यूझीलंडमध्ये, टौरंगात फार्मसिस्ट आहे. काउंटरवर लोकांना धीर देतो आणि घरात कोळी निघाला की सुनीताला हाक मारतो.

लहानपणी आत्या रजेवर आली की माझी झोप उडायची. तिकडे चपला झाडूनच घालायच्या, आत विंचू असतो. वाळलेला प्रत्येक कपडा, अगदी आतलासुद्धा, इस्त्री करायचा; कारण ओल्या कापडावर माशी अंडी घालते आणि मग अळी आपल्या कातडीत वाढते. हे ती वरणभात कालवता कालवता सांगायची. आंब्याच्या फांदीला काटा टांगून बाळांची वजनं करायची, रॉकेलच्या फ्रिजमधल्या लशी जपायच्या, उपासनेत बाकाखालून साप निघाला तरी गाणं पुरं करायचं... एवढं ऐकून मी नगरच्या कोरड्या अंगणातसुद्धा पाय जपून टाकायचो.

उतारवयात तिचं हृदय कुरकुरायला लागलं, तेव्हा मी तिला इकडे आणलं. ती माशी इथे नाही हे सांगूनही ती माझ्या चड्ड्यांना इस्त्री करायची. मात्र घरात राहायला तयार नव्हती. बागेतली सुटी खोली, इकडे तिला स्लीपआउट म्हणतात, तीच तिला हवी होती. डॉक्टरांनी हृदयाचा भरवसा नाही म्हटलेलं. ती तिथे एकटी जाईल आणि आपल्याला कळणारही नाही, या भीतीनं मला घास गिळवेना. त्यावर तोडगा तिनंच काढला. भंगारवाल्याकडून गाडीची जुनी रिम आणवली आणि फीजोआला टांगली. तिकडच्या देवळाची घंटा अशीच होती म्हणे. रोज उठल्यावर ती गजानं रिम वाजवणार, आम्ही स्वयंपाकघरातून थाळी वाजवून उत्तर द्यायचं. आमची रूथ तेव्हा हायस्कुलात. "डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग," म्हणून उशीत तोंड खुपसायची. शेजारच्या मार्गारेटला ती आमची प्रार्थना वाटली. थाळी होईपर्यंत ती आपला लॉनमोवर सुरू करत नसे.

उन्हाळा सरला की इकडे सगळे घड्याळं तासभर मागे करतात, तसा तो एक रविवार. आम्ही खिडक्या लावून गाढ झोपलेलो. आत्यानं आपल्या जुन्या वेळेला रिम वाजवली, पुन्हा वाजवली. दार बडवल्याच्या आवाजानं मी धडपडत उठलो, तर ती दारात. केस सुटलेले, एकाच पायात रबरी चप्पल, ओठ पांढरे.

"जिवंत आहात ना रे सगळे?"

तिला बसवलं, पाणी दिलं. घड्याळाचं सांगितलं. मग तिला हसवायला म्हटलं, आत्या, तूसुद्धा घाबरतेस की.

"रोज घाबरते," ती म्हणाली. "तिकडेही घाबरायचे. मक्याच्या शेतापलीकडे मेरी राहायची, आमची सुईण. तीही एकटीच. मी रिम वाजवायचे, ती तवा. एका सकाळी तवा वाजला नाही... मी प्रार्थना केली, चहा केला, शेल्फ पुसलं. सगळं केलं, फक्त गेले नाही. भीतीनं. गेले तेव्हा तिचा ताप मेंदूत चढला होता. वाचली नाही."

तिनं ग्लास खाली ठेवला.

"म्हणून आज चप्पलसुद्धा झाडली नाही."

रिम माझ्या भीतीवरचं औषध आहे असं मी समजत होतो. ती मात्र रोज तिथे उभी राहून आमच्या थाळीची वाट बघत होती. त्यानंतर डाव आणि थाळी मी खिळ्यालाच लटकवून ठेवली. वरण ढवळायला कुणी तो डाव घेतला तर खेकसायचो.

आता काही आठवडे झाले. रिम काढावी म्हणून परवा सकाळी झाडाखाली गेलो. आधी, सवयीनं, बूट झाडून घातले. गज हातात घेतला आणि कोण जाणे का, एकदा वाजवली. आवाज मार्गारेटच्या कुंपणापलीकडे गेला, विरला... मग काहीच नाही. घर गप्प. सुनीता, रूथ आत आहेत हे ठाऊक असूनही माझ्या पोटात खड्डा पडला. आत्या रोज सकाळी इथेच, या खड्ड्यासकट उभी राहायची तर.

तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी सरकली आणि थाळी वाजली. जोरात, बेताल. रूथ होती.

रिम अजून तिथेच आहे.