टाकीला लावलेलं कुलूप

वडिलांची जुनी गाडी वाईला काकांच्या शेडमध्ये असायची, कारण सांगलीत माझ्या इमारतीखाली तिला जागा नव्हती. काका लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. दर पंधरा दिवसांनी ते बॉनेट उघडत, पंपाची दांडी हातानं वरखाली करून कार्बोरेटरची वाटी पेट्रोलनं भरत आणि मग गाडी सुरू करत. मालक मी. दोन महिन्यांतून एकदा जाऊन काच पुसायची आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघायचं, एवढं माझं काम.

काटा दर वेळी खाली. या उन्हाळ्यात फोनवर सहजच विचारल्यासारखं विचारलं, तर काका म्हणाले, उन्हानं उडतंय, वाटीतलं तर आठवड्यात सुकतंय. मी हो हो केलं, आणि मनात म्हटलं, उडून तुमच्याच मोटारसायकलीत जाऊन बसत असेल. मला कुकरची शिट्टी दुरुस्त करता येत नाही, पण चोर मी बसल्या जागी पकडतो.

दसऱ्याच्या सकाळी काका घाटावर गेलेत हे बघून मी टाकीला कुलपाचं नवं झाकण बसवलं. किल्ली खिशात घातली. मग साळसूदासारखी गाडीला झेंडूची माळ घातली.

दुपारी सोनं लुटायला निघालो. काका चालवायला, मी शेजारी, मागे काकू आणि माझी बायको. तीन-चार किलोमीटरवर गाडीनं आचके दिले आणि थांबली. काकांनी बॉनेट उघडलं. वाटी कोरडी. दांडी मारून बघितली, थेंब येईना. ते मागं गेले, झाकणावर हात ठेवला आणि तसेच थांबले.

"ह्याला भोक न्हाई," ते म्हणाले. "टाकीत हवा शिरली न्हाई तर पेट्रोल फुडं यील कसं? किल्ली कुणापाशी हाय?"

मी खिशातून काढून दिली. झाकण फिरवताच टाकीनं सूं करून हवा ओढली.

"कुलूप कुणासाठी रं?"

आजकाल चोऱ्या फार, असं काहीतरी मी पुटपुटलो. काकू खिडकीतूनच म्हणाल्या, "आवं, चोर तर दर पंधरा दिवसाला बॉनेट उघडून बसतोय की." बायको दुसरीकडे बघू लागली. काकांनी झाकण सैल ठेवून गाडी सुरू केली. परतल्यावर आपट्याचं पान मी त्यांच्या हातावर ठेवलं, पण सोन्यासारखं राहा म्हणायला तोंड उघडेना.

रात्री पाया पडून चुकलं म्हणालो. ते म्हणाले, "तुजी गाडी हाय. आता तूच संबाळ." मी खूप विनवलं. ऐकलं नाही.

बरं, स्टिअरिंगजवळचा गिअर मला टाकता येत नाही. म्हणजे माझी गाडी माझ्या दारात सोडायला दुसऱ्या दिवशी काकांनाच सांगलीपर्यंत चालवावी लागली. मी शेजारी बसून होतो. कराड गेलं, इस्लामपूर गेलं.

इमारतीखाली शेजाऱ्याच्या रात्री फोनवरूनच हातापाया पडून जागा केली होती. काकांनी माझं बोट दांडीवर ठेवलं. "हलकी लागली की वाटी भरली. मग थांबायचं." तेवढं शिकवलं. वर आले नाहीत. चहा खाली आणला, तो उभ्यानंच घेतला, कप माझ्या हातात दिला आणि स्टँडकडे चालू लागले. सोडायला येतो म्हणायचंही मला सुचलं नाही.